बोट किती टक्क्यांचं?

2021 च्या रमजानात मशिदी बंद होत्या. आमच्या घरी तरावीह बैठकीच्या खोलीतच होत असे. पुढे मोठे भाई, त्यांच्यामागे धाकटा आणि मुलं, शेवटच्या सफेत अम्मी आणि आम्ही बायका. धाकट्याच्या उजव्या हाताला अजून पट्टी होती. अत्तहियातला बसल्यावर, जिथे शहादतचं बोट उचलायचं तिथे, ती पट्टी किंचित हलायची आणि पुन्हा मांडीवर टेकायची. मागच्या सफेतून ते स्पष्ट दिसे. सलाम फिरवल्यावर कुणी काही बोलत नसे. अम्मींची दुआ मात्र त्या महिन्यात फार लांबली.

रमजानच्या आधी महिनाभर, मार्चमध्ये, भोसरीच्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये पावर प्रेसवर त्याचा हात सापडला होता. पत्र्याचा जॉब डायमध्ये ठेवायचा, हात काढायचा, पेडल दाबायचं. दिवसाला हजारो वेळा तेच. प्रेसला गार्ड होता, पण तो लावला की जॉब ठेवायला दोन सेकंद जास्त लागतात, म्हणून शेठनेच काढून कोपऱ्यात उभा केला होता. ओव्हरटाइमची रात्र होती. तर्जनी मुळापासून गेली, मधल्या बोटाची दोन पेरं गेली. धाकट्याला तेव्हा चोविसावं वर्ष पूर्ण झालेलं होतं.

आता आमची चूक सांगतो. लेख लिहायचं ठरलं तेव्हा ती वगळू नये यावर घरात एकमत झालं.

शेठने दवाखान्याचा खर्च केला आणि ईदनंतर घरी आला. मिठाई आणली, अम्मींना सलाम केला, आणि 75,000 रुपयांची गोष्ट काढली. स्टॅम्प पेपर तयारच होता. घरात नणंदेचं लग्न ठरलेलं, लॉकडाऊनमुळे मोठ्या भाईंचं दुकान बंद. आम्ही धाकट्याला समजावलं, "नशिबात होतं ते झालं, भांडून बोट परत येणार नाही. घे आणि सही कर." तो गप्प बसला. मग म्हणाला, "भाईजान, सही करू कुठल्या हातानं?" तो रागानं बोलला नव्हता. उजव्या हातात पेन धरता येत नव्हतं, एवढंच खरं होतं. सही राहिली आणि कागद पुढच्या आठवड्यावर गेला. त्या आठवड्यात मोहल्ल्यातल्या एका निवृत्त गिरणी कामगार चाचांनी विचारलं, "टक्के किती धरले?" आम्हाला प्रश्नच कळला नाही.

1923 चा कामगार भरपाईचा कायदा होता. आता तो सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला आहे, पण आमचं प्रकरण जुन्या कायद्यातलं. त्याच्या शेवटी एक तक्ता आहे. कोणता अवयव गेला तर कमावण्याची ताकद किती टक्के गेली, हे त्यात लिहून ठेवलेलं आहे. अंगठा 30. तर्जनी 14. मधलं बोट 12. अनामिका किंवा करंगळी प्रत्येकी 7. एक डोळा काढावा लागला तर 40. दोन्ही हात गेले तर पूर्ण 100. बोटाची पेरंसुद्धा वेगवेगळी मोजली आहेत, आणि हाड न जाता नुसतं टोक कापलं गेलं तर त्याचेही टक्के आहेत. पहिल्यांदा वाचताना खाटकाच्या दुकानातला दरफलक वाचतोय असं वाटलं. अम्मींनी तर कागद उलटा करून ठेवायला सांगितलं.

पण हिशेब शिकल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. पगाराचे 60 टक्के घ्यायचे. त्याला वयाप्रमाणे ठरलेल्या एका आकड्याने गुणायचं. वय कमी तितका आकडा मोठा, कारण पुढची कमाईची वर्षं जास्त. 24 व्या वर्षाला तो 218.47 आहे. जे येईल त्यातून तक्त्यातले टक्के काढायचे. पगार कितीही असला तरी हिशेबाला 15,000 च्या वर धरत नाहीत. ही मर्यादा 2020 च्या जानेवारीपासूनची, त्याआधी 8,000 होती. धाकट्याला 14,000 मिळायचे. त्याचे 60 टक्के 8,400, गुणिले 218.47, म्हणजे 18,35,148 रुपये. ही पूर्ण अपंगत्वाची रक्कम. यातले आपले टक्के किती, एवढाच प्रश्न. आणि 75,000 म्हणजे जेमतेम 4 टक्के! मधल्या बोटाचं नुसतं टोक गेलं असतं तर तक्त्यात 4 लिहिलेत.

वर्कशॉपमध्ये सातच माणसं होती, म्हणून ईएसआय लागू नव्हतं. दहा असती तर हेच टक्के ईएसआयच्या वैद्यकीय मंडळाने ठरवले असते, आणि एकरकमी पैशांऐवजी दरमहा पैसे मिळत राहिले असते, आयुष्यभर. ज्यांच्या घरात कुणी कारखान्यात आहे त्यांनी पगारातून ईएसआय कापलं जातं का, हे आजच विचारून घ्यावं. अपघातानंतर ते विचारणं फार जड जातं.

मग टक्क्यांची ओढाताण सुरू झाली. सरकारी दवाखान्यातून अपंगत्वाचा दाखला काढला होता. त्यावरचा आकडा 40 पेक्षा बराच कमी, त्यामुळे अपंगांच्या बहुतेक सवलतींचा उपयोग नव्हता. शेठच्या वकिलाने तोच आकडा पुढे केला: डॉक्टरच सांगतात एवढंच नुकसान आहे. आम्हीही गांगरलो. आमच्या वकीलबाईंनी तेव्हा एक वाक्य सांगितलं, ते आम्ही फ्रिजवर चिकटवायचं बाकी ठेवलं होतं. म्हणाल्या, "टक्के ऐकले की आधी विचारायचं, कशाचे टक्के?" हाताचे, सगळ्या शरीराचे, की कमाईचे? तिन्ही आकडे वेगळे. सवलतीच्या दाखल्यावर शरीर मोजलेलं असतं. भरपाईच्या कायद्यात कमाई मोजायची असते, आणि तक्त्यात नसलेल्या जखमेबाबत डॉक्टरनेही तेच सांगायचं असतं.

त्यांनी एका सुताराचा खटला सांगितला. ओडिशातल्या जेपूरला, 1968 साली, एका सिनेमागृहाचं काम करताना तो पडला आणि डावा हात कोपराच्या वरून कापावा लागला. तक्त्याप्रमाणे ते 70 टक्के होत होते. पण एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून त्याचं अपंगत्व पूर्ण, 100 टक्के धरलं गेलं. 1975 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते कायम ठेवलं. आमच्या आशा एकदम वाढल्या. वकीलबाईंनी त्या खाली आणल्या. धाकटा बारावी पास आहे, प्रेस नाही तर दुसरं काम करू शकतो, शंभराचा हट्ट धरला तर हातचंही जाईल. त्यांचा तो स्पष्टपणा आम्हाला तेव्हा कडू लागला.

पुढचा पेच मात्र अजब होता. तर्जनी पूर्ण, 14. मधल्या बोटाची दोन पेरं, 9. बेरीज 23. पण त्याच तक्त्यात दुसरी ओळ आहे: एका हाताची दोन बोटं गेली तर 20. शेठचा वकील म्हणाला, दोन अख्खी बोटं गेली तरी कायदा 20 देतो, याचं तर मधल्या बोटाचं एक पेर शाबूत आहे, मग 23 कसे? ऐकायला बिनतोड. आणि खरंच, दोन्ही बोटं मुळापासून गेली असती तर वेगवेगळे 14 आणि 12 मिळून 26 होतात, त्या ओळीत मात्र 20. याउलट अनामिका आणि करंगळी गेली तर वेगवेगळे 14, आणि ओळीप्रमाणे 20. तक्त्यात ही गाठ कशी राहिली कोण जाणे. वकीलबाईंचं म्हणणं असं की, आमच्या प्रकरणात दोन अख्खी बोटं गेलेलीच नाहीत, म्हणून ती ओळ लागूच होत नाही. दोन वेगळ्या जखमा आहेत, आणि एकाच अपघातातल्या जखमांची भरपाई एकत्र मोजावी असं कायदाच म्हणतो. तीन टक्क्यांचा वाद होता. रुपयांत 55,054.

याच काळात धाकट्याने मौलानांना विचारलं की शहादतचं बोटच नाही, तर अत्तहियातला काय करू? मौलाना म्हणाले, जे बोट नाही त्याची जबाबदारीही नाही, दुसरं उचलायला जाऊ नकोस, नमाज पूर्ण आहे. मग त्यांनी आम्हाला बसवून दियतची गोष्ट सांगितली. हजरत उमर (रजि.) यांनी सुरुवातीला बोटांची दियत उपयोगाप्रमाणे ठरवली होती: अंगठ्याला पंधरा उंट, मग दहा, दहा, अनामिकेला नऊ, करंगळीला सहा. मिळून पन्नास, म्हणजे एका हाताची दियत. पुढे प्रेषित मुहम्मद (स.) यांनी हजरत अम्र बिन हज्म (रजि.) यांना दिलेलं लेखी फर्मान समोर आलं. त्यात प्रत्येक बोटाला दहा उंट होते, अंगठा असो की करंगळी. तेव्हा पहिला हिशेब सोडून तो मान्य केला गेला.

मजुराचा घाम सुकण्याआधी मजुरी देण्याची हदीस आपल्याकडे प्रत्येक जलशात ऐकायला मिळते. ही बोटांची गोष्ट आम्ही पहिल्यांदाच ऐकली. त्या रात्री घरात यावरच बोलणं झालं. मोठ्या भाईंना तक्ता पटत होता: अंगठा गेला तर माणूस काही धरूच शकत नाही, त्याला जास्त मिळायलाच हवं. अम्मींना दहा-दहा उंट पटले. त्या म्हणाल्या, "मी नऊ महिने वागवलं तेव्हा करंगळीला कमी वागवलं नव्हतं." धाकटा हसला. अपघातानंतर आम्ही त्याला हसताना पाहिलं ते तेव्हाच. आम्हा बाकीच्यांना वाटतं, कमाईच्या हिशेबाने घरात चूल पेटते, ती गरज खोटी नाही. पण तो हिशेब पगार पाहतो, वय पाहतो, आणि त्या बोटाने माणूस आणखी काय करत होता ते पाहत नाही. तो जागा उरतेच.

प्रकरण कामगार न्यायालयात उभं राहिलं. दावा दोन वर्षांच्या आत करायचा असतो, आम्ही चौदाव्या महिन्यात केला. शेठने पगार दहा हजार सांगितला, रोखीने देत होतो म्हणाला. पण लॉकडाऊनच्या काळात त्याने स्वतःच तीन पगार मोबाइलवरून खात्यात टाकले होते, चौदा चौदा हजार. मग गार्डचा मुद्दा आला. कामगाराने मुद्दाम सुरक्षेचं साधन काढलं आणि त्यामुळेच इजा झाली, तर मालक सुटू शकतो, अपवाद फक्त मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्वाचा. गार्ड यानेच काढला, असं शेठने शपथेवर सांगितलं. शेजारच्या प्रेसवरचा बिहारचा पोरगा साक्षीला आला आणि म्हणाला, गार्ड तर आम्ही आलो तेव्हापासून कोपऱ्यातच होता. त्या साक्षीनंतर त्याला दुसरीकडे काम शोधावं लागलं. त्याचं देणं आमच्यावर आहे.

2024 मध्ये निकाल आला. 23 टक्के, 4,22,084 रुपये, आणि अपघाताच्या तारखेपासून 12 टक्के व्याज, ते सुमारे दीड लाख झालं. विलंबासाठी मालकावर निम्म्या रकमेपर्यंत दंडही बसू शकतो, तो बसला नाही. आम्ही त्यावर पुढे गेलो नाही. नणंदेचं लग्न तोवर कर्ज काढून झालं होतं, निम्मी रक्कम त्या फेडीत गेली. धाकट्यानेच तसं करायला सांगितलं, आमच्यापैकी कुणाला मागायची हिंमत नव्हती.

पैसे काढायला बँकेत गेलो तर सही जुळेना. खातं उघडताना त्याने उजव्या हाताने झोकदार सही केली होती. आताची सही अंगठा आणि अनामिकेत पेन धरून केलेली, अक्षरं सुटी सुटी. काउंटरवरची मुलगी भली होती, म्हणाली, "दादा, अंगठा उठवा ना, लगेच होईल." धाकट्याने मान हलवली. नव्या सहीच्या नमुन्याचा फॉर्म मागितला, बाजूच्या बाकावर बसला आणि एका रद्दी कागदावर सही गिरवू लागला. बँक बंद व्हायला वीस मिनिटं होती. आम्ही उभेच राहिलो.