सेवानिवृत्तांच्या शहरातला रविवार

चंदीगडला पहाटे सुखना तलावाच्या काठावर गेलात, की आधी नजरेत भरते ती फिरायला आलेल्या आजी-आजोबांची गर्दी. ‘पांढऱ्या दाढ्या आणि हिरवी कुंपणे’ अशी या शहराची थट्टा केली जाते. सरकारी नोकरी किंवा फौजेतून निवृत्त व्हायचे आणि इथे टुमदार घर बांधायचे, हे उत्तरेतल्या कितीतरी जणांचे स्वप्न! गंमत म्हणजे, हे शहर आखायला १९५१ साली ल कार्बुझिए आला, तेव्हा त्यानेही साठी ओलांडलेली होती.

या शहरात ख्रिस्ती माणसे शंभरात एकही भरत नाहीत. २०११ च्या जनगणनेत साडेदहा लाख वस्तीत ती पावणेनऊ हजारांच्या आसपास होती. पर्यटक रॉक गार्डन पाहून परततात. सेक्टर १८ मधले क्राइस्ट चर्च आणि शेजारच्या सेक्टर १९ मधले कॅथॉलिक कॅथेड्रल सहसा त्यांच्या यादीत नसते. क्राइस्ट चर्च ज्या ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’चे आहे, त्याचा जन्म आपल्या नागपुरातला. २९ नोव्हेंबर १९७० रोजी सहा पंथ तिथे एकत्र आले.

कार्बुझिएने सेक्टर साधारण ८०० बाय १२०० मीटरचे आखले. हेतू हा, की शाळा, दुकान, बाग सारे पायी गाठता यावे. पण एवढ्याशा समाजाचे चर्च प्रत्येक सेक्टरात कुठून असणार? सेक्टर ४५ मधल्या आजीबाईंना रविवारी रिक्षा नाहीतर कुणाची तरी गाडी हवीच. मुले जवळ असतील तर ठीक. पण पंजाबातल्या कितीतरी घरांतली तरुण पिढी कॅनडात!

उमेदीच्या वर्षांत श्रद्धा हातापायांतून दिसते. संडे स्कूल घ्यायचे, गायनमंडळात उभे राहायचे, आजाऱ्याच्या घरी डबा पोचवायचा. मग गुडघे वाकत नाहीत, पुस्तकातली अक्षरे पुसट होतात. पाळक किंवा फादर घरी येऊन प्रभुभोजन देतात. आयुष्यभर इतरांच्या दारी गेलेल्या माणसाला आता दार उघडून वाट पाहायची असते. मला वाटते, देण्यापेक्षा हे घेणे अधिक अवघड. सासू-सासऱ्यांना दवाखान्यात नेताना त्यांचा ओशाळा चेहरा ज्यांनी पाहिला असेल, त्यांना हे वेगळे सांगायला नको.

पंजाबी ख्रिस्ती मंडळी भक्तिभावाने गातात ती ‘जबूर’, म्हणजे बायबलातील स्तोत्रसंहिता. इमामुद्दीन शहबाज या पाळकांनी ती पंजाबी पद्यात आणली. काम चालू असतानाच त्यांची दृष्टी गेली. तरी ते थांबले नाहीत. सहकाऱ्याचे डोळे आणि स्वतःची जीभ, असे काम पुढे चालले. देशी चालींत बांधलेला हा पूर्ण संग्रह १९०८ मध्ये छापून निघाला. त्यातले एकाहत्तरावे स्तोत्र म्हणजे म्हातारपणी केलेली प्रार्थनाच. ते पद्यात आणताना शहबाजांना काय वाटले असेल!

इथे आपल्या लक्ष्मीबाई टिळकांची आठवण होतेच. १९१९ मध्ये रेव्हरंड टिळक गेले, ‘ख्रिस्तायन’ अर्धेच राहिले. बेताचे शिक्षण झालेल्या लक्ष्मीबाईंनी ते पुढे लिहून पुरे केले. ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग १९३४ मध्ये आला, तेव्हा त्या ६६ वर्षांच्या होत्या. घरातली भांडणे, उपासमार, नवऱ्याचा विक्षिपतपणा यांबरोबरच त्यात श्रद्धाही येते, आणि तीही हसत हसत! म्हणूनच ख्रिस्ती नसलेल्या घरांतही हे पुस्तक आवडीने वाचले जाते.

चंदीगडला जाणार असाल, तर एक रविवार सेक्टर १८ साठी राखून ठेवा. उपासना सुरू होण्याआधी पोचा आणि मागच्या बाकावर बसा. संपल्यावर लगेच निघू नका. तुमच्या टॅक्सीत जागा असेल, तर दाराशी वाट पाहत थांबलेल्या एखाद्या आजीबाईंना त्यांचा सेक्टर विचारा.