दोन बटणांचा खेळ, पुठ्ठ्याचं यान

१९५८ मध्ये अमेरिकेतल्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेत विल्यम हिगिनबोथम या भौतिकशास्त्रज्ञानं ऑसिलोस्कोपच्या गोल पडद्यावर टेनिस मांडलं. प्रयोगशाळा बघायला येणारी मंडळी कंटाळू नयेत, एवढाच त्याचा हेतू. चार वर्षांनी एमआयटीतल्या पोरांनी ‘स्पेसवॉर’ लिहिला: दोन यानं, मधे एक तारा आणि त्याची ओढ. व्हिडिओ गेमच्या अगदी बाल्यावस्थेत असा एक पाय मैदानात होता आणि दुसरा अंतराळात. बुलढाणा जिल्ह्यातल्या आमच्या घरी मात्र दोन्ही आले ते एकाच टीव्हीत, आणि त्या टीव्हीवर कुणाचा हक्क यावरून भांडणं लावत.

नव्वदच्या दशकात ‘लिटल मास्टर’ नावाचा गेम मिळायचा. जपानी निन्टेन्डोच्या यंत्राची ती नक्कल. क्रिकेटवेड्या देशात हे नाव कुणामुळं विकलं जाणार होतं ते उघड आहे. पण आमच्या कॅसेटमध्ये क्रिकेट सोडून सगळं होतं. टेनिस, फुटबॉल, मोटारसायकलची शर्यत. कॅसेटवर ‘९९९९९९९ इन १’ असं छापलेलं. प्रत्यक्षात तेच पाचदहा खेळ रंग बदलून पुन्हा पुन्हा यायचे, तरी त्या आकड्याचा अभिमान घरच्या मोठ्यांनाही वाटे. चालली नाही की कॅसेट काढायची, फुंकर मारायची, परत खोचायची. फुंकरीनं काही होत नाही, हे मला पुढं बऱ्याच वर्षांनी कळलं, आणि कळलं नसतं तरी चाललं असतं.

त्यातलं टेनिस १९८४ चं. खुर्चीवर पंच म्हणून चक्क मारिओ बसलेला. खेळाडूला चेहरा नाही, प्रेक्षकांचा आरडाओरडा नाही. पण चेंडू पडायच्या आधी कुठं उभं राहायचं आणि बटण नेमकं कधी दाबायचं, एवढ्या दोन गोष्टींत टेनिस जवळजवळ सगळं आलं होतं. कोनामीच्या ‘ट्रॅक अँड फील्ड’मध्ये तर धावायचं म्हणजे बटण बडवायचं. जो जास्त वेगानं बडवेल तो पुढं. दोन फेऱ्यांत मनगट भरून यायचं आणि मागं बसलेला ओरडायचा, “अबे, हात बदल ना बे!” शंभर मीटर पळाल्याचा शीण यावा म्हणून याहून प्रामाणिक व्यवस्था मी नंतरच्या कुठल्याच गेममध्ये पाहिली नाही.

त्या गेमनी मैदानाची नक्कल केली. आजचे गेम मैदानाची नव्हे, मैदानावरून होणाऱ्या प्रक्षेपणाची नक्कल करतात. कॅमेरा झाडासारखा डोलतो, रिप्ले येतो, समालोचक बोलतात, खेळाडूच्या कपाळावरचा घाम चमकतो. आणि खेळणारा निम्मा वेळ प्रेक्षक होऊन बसतो. संक्रमण कुठं झालं हे बघायचं तर ‘क्रिकेट ०७’ बघावा. २००६ च्या नोव्हेंबरात आलेला हा गेम विदर्भातल्या किती अभियांत्रिकी वसतिगृहांत रात्रभर चालला असेल! रिची बेनॉ आणि मार्क निकोलस यांचं समालोचन त्यात होतं. खरी नावं फक्त इंग्लंड-ऑस्ट्रेलियाच्या खेळाडूंना. परवान्याअभावी आपल्या फलंदाजांची नावं वेडीवाकडी केलेली. मग हौशी पोरांनीच संघ दुरुस्त केले, गणवेश बदलले, पुढं आयपीएलही घुसवली. कंपनीनं ही मालिका तिथंच सोडली, पोरांनी नाही सोडली. का? कारण टीव्हीचा मुलामा चढलेला असला तरी आत अजून टायमिंग जिवंत होतं. फुटबॉलच्या बाजूला तर आता खेळाडू पत्त्यांसारखे पाकिटांत विकतात. फिफाची पाटीही उतरली, २०२३ पासून नाव बदललं, पाकिटं राहिली. त्याला मी खेळ म्हणत नाही, दुकान म्हणतो.

विज्ञानमालिकांचं नेमकं उलट्या बाजूनं असंच झालं. ‘स्टार ट्रेक’ अमेरिकेत १९६६ ते १९६९ चालली आणि आपल्याकडं ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी दिसली. माणसं एका जागी विरघळून दुसऱ्या ग्रहावर उमटतात, ही तिची सगळ्यात गाजलेली कल्पना काटकसरीतून आलेली. दर आठवड्याला यान उतरवून दाखवायला पैसे नव्हते, म्हणून माणसंच पाठवली. पुठ्ठ्याच्या भिंती, लुकलुकणारे दिवे आणि भरपूर संवाद. हे दूरचित्रवाणीवरचं नाटकच होतं. ‘स्पेस सिटी सिग्मा’ हा आपला देशी अवतारही तसाच. शेजारची काकू हसायची, “हे काय गा, डबे रंगवले हायेत!” पण ज्या मुलखात कीर्तनकार हातातल्या उपरण्याचा समुद्र करतो आणि लोक त्यात लंका बघतात, तिथं रंगवलेल्या डब्याला यान मानायला कुणाचं काय जात होतं? ‘कॅप्टन व्योम’ १९९८ ची. मिलिंद सोमण देखणा होता, तंत्रही जरा वरचं होतं, आणि मला ती आवडली नाही. पळालेल्या गुन्हेगारांना एकेक करून पकडायचं, म्हणजे एकेक पातळी पार करायची. तिथंच मालिका गेमसारखी वागू लागली होती. २०१८ मध्ये ‘बँडरस्नॅच’नं तर प्रेक्षकाच्या हातात रिमोट देऊन पुढं काय व्हावं तेच विचारलं. गंमत म्हणजे त्याची गोष्टही १९८४ मधल्या एका गेम लिहिणाऱ्या पोराचीच.

तर गेम टीव्ही होत गेला आणि टीव्ही गेम. मधल्यामधे मैदान गेलं आणि नाटक गेलं.

हे सगळं मी ज्या जिल्ह्यातून लिहितोय तिथं लोणार आहे. आकाशातून आलेला दगड बसाल्टवर आदळला आणि सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं विवर झालं. वय आधी पन्नास हजार वर्षं धरत. २०१० च्या सुमाराच्या मापनानं ते पाच लाख सत्तर हजारांच्या घरात नेलं. चंद्र आणि मंगळावरची विवरं समजून घ्यायला शास्त्रज्ञ इथं येतात. आमच्याकडच्या कथेत याच जागी लवणासुर दडून बसला होता आणि विष्णूनं त्याला बाहेर काढलं. गावातलं दैत्यसूदन मंदिर त्याचीच आठवण. जून २०२० मध्ये तळ्याचं पाणी गुलाबी झालं, क्षारांवर जगणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळं. परग्रह, राक्षस, रंग बदलणारं पाणी: पटकथाकाराला आणखी काय हवं? आणि मराठीत लिहिणारे नव्हते असंही नाही. जयंत नारळीकरांनी १९७४ मध्ये टोपणनावानं मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत कथा पाठवून बक्षीस मिळवलं होतं. त्यांच्या कथांतली माणसं बहुतेक वेळा खोलीत बसून बोलतात. अशा कथांना महागडी दृश्यं लागत नाहीत, चार चांगले नट लागतात, आणि तेवढे तर आपल्याकडं नेहमीच होते. मराठी वाहिन्यांना तेवढंही परवडू नये, याचा मला राग आहे.

गेमवाल्यांकडंही एक मागणं आहे. कबड्डीचा गेम करा, पण दोनच बटणांचा. एक बटण दाबून धरायचं म्हणजे दम. सोडलं की चढाई संपली. दुसरं स्पर्शाचं. समालोचक नको, रिप्ले नको, पाकिटं नकोत. आणि मैदानाची माती मात्र आमच्याकडची, काळी दाखवा.