उसना गोलकीपर

फुटबॉलमधला गोलकीपर म्हणजे सोसायटीचा वॉचमन. दहाजण धावणार, हा दाराशी उभा. अडवलं तर कामच त्याचं, सुटलं तर शिव्या!

त्यातून जिमी ग्लास पडला इंग्लंडच्या खालच्या डिव्हिजनमधला, आणि तोही उसना. १९९९ साली कार्लाइल युनायटेडने त्याला स्विंडनहून आणला, शेजारून वाटीभर साखर आणावी तसा. ८ मे. सीझनचा शेवटचा सामना, प्लिमथशी १-१. जिंकलं नाही तर क्लब फुटबॉल लीगमधूनच बाद. तिकडे स्कारबरोवाले आपला सामना आटोपून ‘वाचलो बुवा’ म्हणून नाचायलासुद्धा लागले होते! इकडे उरले दहाएक सेकंद, आणि मिळाला कॉर्नर. आता दार राखून करायचंय काय? स्वारी निघाली ती थेट प्लिमथच्या गोलपाशी. त्यांच्या गोलकीपरने परतवलेला बॉल नेमका ह्याच्या पुढ्यात आला, आणि गड्याने तो उजव्या पायाने जाळ्यात हाणला.

कार्लाइल तरलं, स्कारबरो गेलं.

कार्लाइलकडून तो खेळला एकूण तीन सामने. पुढे फुटबॉल सुटला आणि जिमी टॅक्सी चालवू लागला. मी त्या टॅक्सीत बसलो असतो ना, तर मुद्दाम लांबच्या रस्त्याने न्यायला सांगितलं असतं.