सरमेचे पिल्लू

महाभारताच्या आदिपर्वात, सर्पसत्राच्या पुष्कळ आधी, एका कुत्र्याच्या पिल्लाला मार बसतो. कुरुक्षेत्रावर जनमेजयाचे दीर्घसत्र चालू असताना सरमा या देवशुनीचे पिल्लू तेथे येते आणि श्रुतसेन, उग्रसेन, भीमसेन हे राजाचे तिघे भाऊ त्याला बडवतात. पिल्लू रडत आईकडे जाते. आईचाही पहिला तर्क असाच, की तूच काही आगळीक केली असशील. पिल्लू सांगते, हविर्द्रव्याला तोंड लावले नाही, तिकडे पाहिलेसुद्धा नाही. मग सरमा सत्रस्थळी येऊन शाप देते: निरपराध्याला मारलेत, तेव्हा न दिसणारे भय तुमच्यावर येईल. राजा हादरतो आणि शापाच्या निवारणासाठी पुरोहित शोधत फिरतो. भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ या काळात सिद्ध केलेल्या चिकित्सक आवृत्तीतही हा प्रसंग आपल्या जागी आहे. सदाशिव पेठेतून नदी ओलांडून त्या संस्थेत आम्ही वर्षानुवर्षे जात आलो. पण या आषाढात दोन महिन्यांचे पिल्लू घरात आल्यापासून हा प्रसंग आम्हांला वारंवार आठवू लागला आहे.

पिल्लू गल्लीतलेच. आई टेम्पोखाली गेली, म्हणून तिसऱ्या मजल्यावर आले. नाव मोत्या. पेठेत सल्ल्यांना तोटा नसतो, तसा आम्हांलाही पडला नाही. पहिला सल्ला खालच्या मजल्यावरील एका सद्गृहस्थांनी दिला: फरशी ओली केली की त्याचे नाक तिथेच घासा, दोन फटके द्या, पुन्हा करणार नाही. "त्याला कळतं हो! चेहरा बघा ना, कसा अपराध्यासारखा करतो!"

हा अपराधी चेहराच घोटाळ्याचे मूळ आहे. अलेक्झांड्रा हॉरोविट्झ यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात कुत्र्याने खाऊ चोरला की नाही याविषयी मालकांना कधी खरे, तर कधी खोटे सांगण्यात आले. पडलेले कान आणि चुकवलेली नजर यांचा संबंध चोरीशी नव्हता, तो मालकाच्या रागावण्याशी होता. काहीही न केलेली कुत्रीसुद्धा रागावताच 'अपराधी' दिसत. पिल्लाच्या लेखी शिक्षेची सांगड क्षणभरापूर्वीच्या कृतीशी लागते, पाव तासापूर्वीच्या नव्हे. उशिरा मारलेला फटका म्हणजे जनमेजयाच्या भावांचा फटका. त्यातून पिल्लू एवढेच शिकते, की ही माणसे अधूनमधून विनाकारण भयंकर होतात. आणि मग ते लपून, पलंगाखाली, आपला विधी उरकू लागते. न दिसणाऱ्या भयाचा याहून नेमका अर्थ आम्हांला सुचत नाही.

उपाय कंटाळवाणा आहे, पण साधा आहे. झोपेतून उठले, खाणे झाले, खेळ थांबला, की लगेच उचलून ठरल्या जागी न्यायचे. एरवीही या वयात दोन-तीन तासांना, आणि रात्री गजर लावून एकदा. काम झाले की तत्क्षणी कौतुक आणि खाऊ. आमची ठरली जागा म्हणजे गॅलरीत अंथरलेले जुने वर्तमानपत्र. (रविवारच्या पुरवण्यांचा इतका निश्चित उपयोग आजवर कोणी केला नसेल.) तीन आठवड्यांत घरातली फरशी बहुतांशी कोरडी राहू लागली.

जमिनीवर न सोडण्याचे कारण लसींचे. पार्व्हो आणि डिस्टेंपरची लस सहा ते आठ आठवड्यांच्या सुमारास सुरू होते आणि तीन-चार आठवड्यांच्या अंतराने सोळाव्या आठवड्यापर्यंत पुन्हा द्यावी लागते. रेबीजची तिसऱ्या महिन्यानंतर. तोवर रस्त्यावरची धूळ हुंगणे धोक्याचे. पण स्कॉट आणि फुलर यांच्या १९६५ च्या ग्रंथापासून हेही ठाऊक आहे, की सुमारे तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात पिल्लाला जे दिसते-ऐकू येते ते त्याच्या जगात सामावते, आणि नंतर भेटणाऱ्या अनोळखी गोष्टींची भीती वाटू लागते. म्हणजे लस पुरी होण्याआधीच ही खिडकी मिटू लागते. तोडगा एकच, कडेवर घेऊन फिरणे. आम्ही मोत्याला शबनम पिशवीत घालून पेरूगेटापाशी उभे राहत असू. बस, हेल्मेट घातलेली माणसे, छत्र्या, भाजीच्या हातगाड्या, देवळातली घंटा. प्रत्येकीबरोबर एकेक फुटाणा.

खरी परीक्षा ढोलाची होती. विसर्जनाच्या मिरवणुका लक्ष्मी रस्ता, टिळक रस्ता, कुमठेकर रस्ता अशा आमच्या अवतीभवतीच्याच रस्त्यांवरून जातात आणि दुसऱ्या दिवशीही वाजतच असतात. पथकांचे सराव त्याआधी कित्येक आठवडे नदीकाठी चालतात, हे आमच्या पथ्यावर पडले. पहिल्या दिवशी इतके दूर थांबलो की ढोल जेमतेम ऐकू यावा. मोत्या फुटाणे खाईल तितकेच दिवसागणिक जवळ जायचे, खाणे थांबले की मागे फिरायचे. अनंत चतुर्दशीला तो मधल्या खोलीत, दारे-खिडक्या लावून, झोपला.

खाण्याविषयी थोडक्यात: आमच्या स्वयंपाकघरातील कांदा, लसूण आणि शिऱ्यातले बेदाणे ही कुत्र्यासाठी विषे आहेत, चॉकलेटही. प्रसाद म्हणूनही देऊ नये.

राहता राहिली भाषा, आणि तिथेच आमचे घर अडले. चौघांचे चार शब्द: 'बस', 'खाली बस', 'सिट', आणि धाकट्याचे 'बस ना रे'. पिल्लू अर्थ शिकत नाही, ध्वनी शिकते. चार ध्वनी म्हणजे एकही नाही. आम्ही 'बस' ठरवला. मराठी घरांत कुत्र्याशी इंग्रजीत का बोलतात, हे आम्हांला कधी उमगले नाही. कदाचित आपल्या भाषेने कुत्र्यासाठी जवळ बोलावणारा 'यूऽ यूऽ' आणि हाकलणारा 'हाड' यांपलीकडे फारसे काही राखूनच ठेवले नसेल.

आत्याबाईंनी मात्र आपला शब्द सोडला नाही. वय अठ्ठ्याहत्तर, सोवळे कडक. देवघराच्या उंबऱ्याशी मोत्या दिसला की "हाड!" आणि पाठोपाठ, तो लांब जावा म्हणून, स्वयंपाकघराच्या दाराकडे भिरकावलेला भाकरीचा तुकडा. महिन्याभरात मोत्याने या शब्दाचा अर्थ लावला. घरात कोणीही 'हाड' म्हटले की तो धावत येऊन, शेपटी हलवत, समोर बसतो. आम्ही हसलो; आत्याबाईही हसल्या.

लसी पुऱ्या झाल्यावर तो रस्त्यावर चालू लागला. परवा नागनाथ पाराजवळ एका दुकानदाराने दुसऱ्याच कुत्र्यावर हातातली काठी उगारून "हाड!" म्हटले, आणि मोत्या पट्टा ताणून त्याच्यापुढे जाऊन बसला, तोंड वर करून. त्या भल्या माणसाने काठी खाली घेतली. दरेक जण घेईलच असे नाही. आत्याबाईंना हे सांगितले, तेव्हा त्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी भाकरीचा तुकडा हातात धरून, जरा अवघडून, "ये" म्हणून पाहिले. मोत्या जागचा हलला नाही. आज चौथा दिवस आहे. त्या रोज म्हणतात.