टाकळीची ट्रंक

शिरोली एमआयडीसीत फौंड्रीच्या गेटवर बसलेला माजी सैनिक कुठल्याही हुद्द्यावरून निवृत्त झालेला असो, त्याला मेजरच म्हणायची आमच्याकडे रीत आहे. आमच्या कंपनीचे मेजर शिरोळ तालुक्यातल्या सैनिक टाकळीचे. त्यांची आई गेली. रक्षाविसर्जनाला मला जाता आलं नव्हतं, म्हणून बाराव्याला तरी जायचंच असं ठरवून मी सकाळी सांगली फाट्यावर येऊन उभी राहिले.

रात्रपाळी सुटून माणसं घरी निघाली होती. अंगावर काळी माती, हातात डबा. भट्टीतला रस साच्यात ओतून, कास्टिंग फोडून, घासून ही माणसं ट्रॅक्टरचे आणि गाड्यांचे भाग देशभर पाठवतात. त्यांच्या गेटवर उभे असतात ते बहुतेक टाकळीसारख्या गावांतून आलेले निवृत्त जवान. वीस-बावीस वर्षं सीमेवर काढायची आणि मग शिरोलीत कंपनीचा दरवाजा राखायचा. या दोन्ही नोकऱ्यांच्या काळात गावात घर धरून कोण बसलेलं असतं, हे गेटवरून आत-बाहेर करताना माझ्याही फारसं ध्यानात आलं नव्हतं.

सांगलीची एसटी आली. हेर्ले, चोकाक, अतिग्रे, हातकणंगले. कारखाने मागे पडले, ऊस सुरू झाला आणि गाडी उसाच्या ट्रॉल्यांमागे रेंगाळू लागली. राजर्षी शाहूंनी वडिलांच्या नावानं वसवलेल्या जयसिंगपुरात मी गाडी बदलली. पुढे शिरोळ, मग नृसिंहवाडी. शिरोलीच्या पुलाखालून जाणारी आमची पंचगंगा इथं येऊन कृष्णेला मिळते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये याच पाण्यानं शिरोलीजवळ महामार्ग कित्येक दिवस बंद पाडला होता आणि इकडे शिरोळ तालुक्यातली गावंच्या गावं बुडवली होती. आता नदी संथ होती आणि वाडीच्या घाटावर उन्हात लोक अंघोळी करत होते.

कुरुंदवाडच्या स्टँडवर मेजरांची मुलगी स्कूटर घेऊन आली होती. सडपातळ, पायात धावायचे बूट. टाकळीपर्यंतचा रस्ता खिद्रापूरच्या अंगाचा, दोन्हीकडे काळी कसदार जमीन आणि माथ्यावर तुरा आलेला ऊस. एवढी पिकाऊ जमीन असून गाव पिढ्यान्‌पिढ्या फौजेत का जातं, हा प्रश्न मला नेहमी पडायचा. पोरगी म्हणाली, “जमीन हाय ओ, पण वाटण्या किती झाल्यात! आनि आमच्यात पोरगं जन्मलं की बेळगावच बघायचं.” बेळगाव म्हणजे मराठा लाईट इन्फन्ट्रीचं केंद्र. घरटी एक माणूस सैन्यात ही या गावाची ख्याती. गावाच्या नावाआधी ‘सैनिक’ लागलं ते त्यामुळंच.

घरापुढे मांडव होता. पुरुष बाहेर, बायका सोप्यात. मला सुनेनं आत नेलं. भिंतीवर मेजरांच्या आईचा, आक्कांचा, नवा फोटो, त्याशेजारी त्यांच्या मालकांचा जुना, लष्करी टोपीतला. बसलेल्या बायका एकेक आठवण सांगत होत्या.

लग्न झालं तेव्हा आक्का सोळा-सतरा वर्षांच्या. हळद उतरायच्या आत नवऱ्याची सुट्टी संपली. पुढे वर्षातून एकदा येणारा नवरा, म्हातारे सासू-सासरे, तीन लेकरं, उसाला रात्रीचं पाणी, दारची म्हैस. नवऱ्याचं पत्र आलं की शाळेच्या मास्तरांकडून वाचून घ्यावं लागे. आक्कांना ते सोसत नसे. “नवऱ्याचं बोलणं चावडीत ऐकल्यागत वाटतंय,” असं त्या म्हणत. मग थोरला पोरगा पहिलीत गेल्यावर त्याच्याच पाटीवर त्याही अक्षरं गिरवायला लागल्या. दोन वर्षांत स्वतः वाचू लागल्या, मग लिहूही लागल्या. पण त्यांच्या पत्रात सगळं कसं छान असायचं. म्हैस मेली तरी छान, धाकटीला विषमज्वर झाला तरी छान. सासरे वारले तेव्हा तार उशिरा पोचली. अग्नी पुतण्यानं दिला. पाटलाकडून उसने पैसे घेऊन दिवस घातले आणि ते आक्कांनी स्वतः भांगलणीला जाऊन फेडले, हे नवऱ्याला पेन्शनीवर आल्यानंतर कळलं.

मुलगाही फौजेत गेला; तेच आमचे मेजर. १९९९ च्या उन्हाळ्यात तो काश्मिरात होता. टीव्हीवर रोज कारगिलच्या शवपेट्या दिसत होत्या. आक्कांनी घरचा टीव्ही बंद करून ठेवला आणि सून माहेरी जाते म्हणाली तरी जाऊ दिलं नाही. सून आज हे सांगताना रडत होती. “मला वाटायचं, आत्तीबाई लई कडक हाईत. त्यांला मी डोळ्यासमोर पायजे होते. तार आलीच तर मी एकटी नसावी म्हणून.”

मग तिनं खाटेखालून काळी लोखंडी ट्रंक ओढली. झाकणावर पांढऱ्या रंगात नंबर आणि नाव. महापुराच्या वेळी माणसं काढायला बोट आली, तेव्हा ही ट्रंक घेतल्याशिवाय आक्का बोटीत पाय ठेवायला तयार नव्हत्या. आत पत्रं, ५६ एपीओचे शिक्के, पेन्शनबुक आणि फडक्यात गुंडाळलेलं एक पांढुरकं पदक. मी ते उजेडात धरलं. एका बाजूला तेजोवलयावर नागवी तलवार, दुसऱ्या बाजूला कमळ. फितीवरच्या पट्टीवर ‘नागा हिल्स’ असं इंग्रजीत. हे १९४७ चं जनरल सर्व्हिस मेडल, आणि त्यावरची तलवार म्हणजे शिवछत्रपतींची भवानी.

हे पदक कुणी आखलं ते मला ठाऊक होतं, आणि त्या घरात ते सांगितल्याशिवाय राहवेना.

सावित्रीबाई खानोलकर. जन्म २० जुलै १९१३, स्वित्झर्लंडमधल्या न्यूशातेलचा. वडील हंगेरियन, आई रशियन, नाव ईव्ह इव्हॉन. सँडहर्स्टला शिकणारे विक्रम खानोलकर सुट्टीत युरोपात हिंडताना या मुलीला भेटले आणि ती त्यांच्यामागोमाग हिंदुस्थानात आली. १९३२ मध्ये लग्न झालं, ईव्हची सावित्री झाली. नुसतं नाव बदलून ती थांबली नाही. मराठी, हिंदी, संस्कृत शिकली, वेद-पुराणं वाचली, महाराष्ट्रातल्या संतांवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं. कुमुदिनी आणि मृणालिनी या दोन मुलींना नवऱ्याच्या बदल्यांमागे फिरत वाढवलं. फाळणीत उखडलेल्या माणसांसाठी आणि सैनिकांच्या कुटुंबांसाठी राबली. स्वतंत्र भारताला नवी शौर्यपदकं हवी होती, तेव्हा मेजर जनरल हिरालाल अटल यांनी ते काम एका अधिकाऱ्याच्या या बायकोकडे सोपवलं. परमवीर चक्र, महावीर, वीर, अशोक, कीर्ती, शौर्य, सगळी त्यांच्या हातची.

परमवीर चक्र साध्या काशाचं आहे. मध्ये राजमुद्रा आणि भोवती इंद्राची चार वज्रं. वृत्रासुराला मारायला वज्र हवं होतं आणि त्यासाठी दधीचींनी आपली हाडं दिली, ती कथा सावित्रीबाईंनी निवडली. मला या निवडीचं मोल फार वाटतं. शौर्याची खूण म्हणून शत्रूला लोळवणारा वीर त्यांना सहज घेता आला असता. त्यांनी घेतला तो देणारा. फौजेतल्या घरात राहून, दाराकडे कान लावून बसलेल्या बाईलाच हे सुचावं. पहिलं परमवीर चक्र १९४७ मध्ये बडगामला पडलेल्या मेजर सोमनाथ शर्मांना मरणोत्तर मिळालं. कुमुदिनीचे पती सुरिंदरनाथ हे त्यांचे भाऊ. म्हणजे आईनं आखलेलं पदक मुलीच्या थोरल्या दिराला. आजवरच्या एकवीस मानकऱ्यांपैकी चौदांचं चक्र असं मागे राहिलेल्यांच्याच हाती पडलं.

१९५२ मध्ये विक्रम खानोलकर वारले. सावित्रीबाई तेव्हा चाळिशीच्याही आत होत्या. उरलेलं आयुष्य त्यांनी रामकृष्ण मठाच्या आधारानं अध्यात्मात काढलं आणि २६ नोव्हेंबर १९९० ला त्या गेल्या. मराठी घरात आलेल्या, मराठी बोलणाऱ्या या बाईचं नाव आपल्या पोरींना पाठ असायला हवं होतं. सोप्यातल्या त्या फौजींच्या बायकांपैकी एकीनंही ते ऐकलेलं नव्हतं, याचं मला मनापासून वाईट वाटलं.

सुनेनं पदक पुन्हा हातात घेतलं. “म्हंजे हे बाईमाणसानं काढलंय?” तिनं ते पाठीमागून, पुढून निरखलं. “आत्तीबाईंना कळाय पायजे हुतं.”

मी साताऱ्याच्या पोगरवाडीच्या कर्नल संतोष महाडिकांचं नाव काढलं. ते मात्र सगळ्यांना माहीत होतं. १७ नोव्हेंबर २०१५ ला कुपवाड्यात ते हुतात्मा झाले; शौर्य चक्र मिळालं, तेही सावित्रीबाईंच्याच रेखाटनाचं. पत्नी स्वाती महाडिक दोन लेकरांची आई. त्यांनी चेन्नईचं खडतर प्रशिक्षण पुरं केलं आणि २०१७ च्या सप्टेंबरात त्या लेफ्टनंट झाल्या. “आक्कांनी पेपरातला फोटो कापून ठेवलाय,” नात म्हणाली आणि ट्रंकेतल्या पत्रांखालून तो काढलाही.

तेव्हा कळलं की धावायचे बूट कशासाठी. लष्करी पोलिसांत मुलींना जवान म्हणून घ्यायचं २०१९ मध्ये ठरलं, त्या भरतीची ती तयारी करते आहे. आईचा विरोध होता. एक नवरा, एक सासरा, आता लेकही? आक्कांनी दोघींना समोर बसवून निकाल दिला होता: “जाऊंद्या तिला. आमी जलमभर वाट बघितली, आता हिची बाप्यांनी बघूंद्या.” त्यानंतर मेजरांनी गावाबाहेरच्या रस्त्यावर सोळाशे मीटरची फक्की मारून दिली, आणि पहाटे घड्याळ घेऊन आक्का त्या टोकाला पोत्यावर बसत.

जेवणं उरकली. पाहुणे उठू लागले. मेजर चार दिवसांनी शिरोलीला परत येणार, त्यांच्या पाळ्या सुरू होणार, मग पहाटे पोरीला वेळ कोण लावणार, असा विषय निघाला. कुणी चुलत्याचं नाव सुचवलं, कुणी मोबाईल पुरे म्हणालं. भांडी आवरता आवरता सून म्हणाली, “मोबाईल कशाला? मी बसते की. तेवढं घड्याळ चालू कसं करायचं ते दावा मला.”