घरात मुले एकटी असतात तेव्हा

आमच्या माकुणसारची कितीतरी माणसे बोईसरला कामाला जातात. तारापूर एम.आय.डी.सी.त पाळी भरायची नि रात्री घर गाठायचे. घरची बाई मजुरीला, नाहीतर तीही कंपनीत. शाळा सुटल्यावर चहा मुलेच ठेवतात, धाकट्याला भात गरम करून तीच देतात. तेव्हा "गॅसला हात लावू नकोस" एवढ्या दटावणीने आपल्या घरांत भागत नाही.

आगीची धास्ती मुलांना आहेच. मार्च २०१८ मध्ये तारापूरच्या एका रासायनिक कारखान्यात स्फोट होऊन तीन जण गेले. ११ जानेवारी २०२० च्या संध्याकाळी पुन्हा मोठा स्फोट झाला, पुन्हा माणसे गेली. अशी बातमी आली की मुले पहिले विचारतात, "बाबांची कंपनी तर नाही ना?" कारखान्यातली सुरक्षा मालकाने आणि सरकारने द्यायची, ती मागायलाच हवी. घरातले मात्र आपणच शिकवायचे.

१४ एप्रिलला आपण बाबासाहेबांची जयंती करतो. त्याच तारखेला देशभर अग्निशमन सेवा दिन असतो, हे आम्ही मुलांना सांगतो. १९४४ साली त्या दिवशी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' बोटीला आग लागली. बोटीत कापसाच्या गासड्या आणि दारूगोळा एकाच जागी भरलेला. दुपारी चारच्या सुमारास स्फोट झाला. आग विझवायला गेलेले मुंबई अग्निशमन दलाचे ६६ जवान त्यात गेले. गोष्ट संपली की आम्ही विचारतो, आपल्या घरात कापूस आणि दारूगोळा कुठे आहे? मग मुलेच दाखवतात : शेगडीशेजारी वाळत घातलेले कपडे, तसबिरीपुढची मेणबत्ती आणि तिच्यावर हलणारा पडदा.

गॅसचा वास आला तर दिव्याचे बटण लावायचे नाही आणि बंदही करायचे नाही, कारण ठिणगी दोन्ही वेळा उडते. हा गॅस हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचतो. रेग्युलेटर बंद करायचा, दारे-खिडक्या उघडायच्या, बाहेर जायचे आणि बाहेरूनच १९०६ ला फोन करायचा. कढईतले तेल पेटले तर पाणी ओतायचे नाही, त्याने भडका उडतो. गॅस बंद करून वर झाकण सरकवायचे. ते जमत नसेल तर सरळ बाहेर पळायचे.

लहान मूल घाबरले की खाटेखाली नाहीतर कपाटामागे लपते. शोधणाऱ्याला धुरात ते दिसत नाही. म्हणून आम्ही मुलांकडून डोळे मिटवून दारापर्यंत रांगत जाण्याचा सराव करून घेतो, कारण श्वास घेण्याजोगी हवा खालीच उरते. कपड्याने पेट घेतला तर पळायचे नाही. थांबायचे, आडवे पडायचे, लोळायचे. या खेळात आज्याही हसून घेतात. पण भाजल्यावर टूथपेस्ट की हळद, यावर त्यांच्याशी आमचा वाद ठरलेला! दोन्ही नको. वीस मिनिटे साधे गार पाणी सोडायचे, मग डॉक्टर.

१०१ किंवा ११२ लावून "माकुणसार, तालुका पालघर" आणि जवळची खूण सांगायची, हे पोरांना पाठ आहे. बंब गावाबाहेरून येणार, त्याला वेळ लागणार. तोवर ठरलेल्या झाडाखाली सगळ्यांनी जमायचे आणि कशासाठीही परत आत जायचे नाही. "दप्तरसाठीपण नाही?" एका मुलीने विचारले. नवी पुस्तके होती तिची. आम्ही सांगितले, पुस्तके पुन्हा आणू.