उद्या सकाळचा तास

एफडीपी, म्हणजे प्राध्यापकांची प्रशिक्षण कार्यशाळा, सुरू होऊन अर्धा तास झालेला नसतो आणि कोणीतरी विचारतंच, "सर, सर्टिफिकेट कधी मिळणार?" कोल्हापुरातल्या महाविद्यालयांत प्राध्यापकांना नवी शैक्षणिक साधनं शिकवणं हा माझा व्यवसाय. या प्रश्नाला लोक हसतात, मला हसू येत नाही. यूजीसीच्या २०१८च्या नियमावलीने बढतीसाठी ओरिएंटेशन आणि रिफ्रेशर अभ्यासक्रम मागितले, तर माणूस कागद मागणारच. पगाराची गोष्ट आहे ती. मला खटकतं ते वेगळंच. बढतीच्या या योजनेचा, म्हणजे 'कॅस'चा लाभ कायम प्राध्यापकांना. तासिका तत्त्वावर शिकवणारी तरुण मंडळी, जी वर्गात रोज मोबाईलवरून काहीतरी दाखवत असतात, ती माझ्या यादीत क्वचितच दिसतात. कार्यशाळेला बसलं की तास बुडाला, तास बुडाला की मानधन बुडालं. ज्यांच्या हाती हे सगळं पटकन रुजेल, तेच दाराबाहेर.

आत असतात त्यांची अडचण साधनांची नसते. प्रोजेक्टर, इंटरनेट, नॅकच्या मूल्यांकन भेटीआधी बसवलेलं इंटरॅक्टिव्ह पॅनेल, सगळं असतं. पॅनेलवर कव्हर असतं आणि चावी शिपाईमामांकडे. अडचण असते ती 'माझ्या विषयात याचं काय काम?' ही. हा प्रश्न रास्त आहे आणि बहुतेक प्रशिक्षक त्याला बगल देऊन पुढच्या ॲपकडे वळतात.

मराठीच्या एका ज्येष्ठ सरांचं उदाहरण सांगतो. वर्षानुवर्षांच्या नोट्स त्यांनी श्रीलिपी फॉन्टमध्ये टाइप केलेल्या. पेनड्राइव्ह माझ्या लॅपटॉपला लावला आणि पडद्यावर नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची मिसळ. सर म्हणाले, "बघा, म्हणूनच मी फळा सोडत नाही." त्यांना ॲप दाखवण्यात अर्थ नव्हता. आधी सांगावं लागलं की जुन्या फॉन्टमध्ये संगणकाच्या लेखी ती इंग्रजी अक्षरंच असतात, त्यावर मराठी वळणाचं चित्र तेवढं चढवलेलं. तो फॉन्ट दुसऱ्या यंत्रावर नसला की चित्र उतरतं. युनिकोडमध्ये 'क'ला स्वतःचा क्रमांक आहे, तो मुलांच्या मोबाईलवरही 'क'च दिसतो. मग कन्व्हर्टरमधून एक प्रकरण काढलं. रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसले होते, काही जोडाक्षरं फुटली होती. सरांनी ते प्रकरण प्रूफ तपासावं तसं लाल पेनाने तपासलं, प्रिंट काढून. मी गप्प बसलो. त्यांची पद्धत ती. इन्स्क्रिप्टमध्ये स्वर डाव्या हाताला आणि व्यंजनं उजव्या हाताला आहेत, हे कळल्यावर मात्र त्यांचा चेहरा खुलला. "अरे, हे तर वर्णमालेच्या हिशोबानं बसवलंय की!" त्या सत्रात गूगल क्लासरूममध्ये त्यांच्या नोट्स सगळ्यात नेटक्या होत्या. ऑनलाइन चाचणीला मात्र त्यांनी हात लावला नाही, आणि कवितेच्या तासाला तिची गरज आहे असं मलाही वाटत नाही.

संख्याशास्त्राच्या एका मॅडमना शेअर्ड शीट शिकायची होती, पण उदाहरण पुस्तकातलंच, कुठल्याशा कारखान्याचं उत्पादन. पावसाळा होता. मी म्हटलं, राजाराम बंधाऱ्याजवळची नदीची पातळी घ्या. इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३, हे इथल्या पोरांना पाठ असतं. २०१९ आणि २०२१चा पूर त्यांनी घरात पाणी घेऊन पाहिलाय. मॅडमनी वर्गातल्या मुलांना रोजचा आकडा एकाच शीटमध्ये भरायला लावला, आलेख वर चढू लागला, आणि मागच्या बाकावरून प्रश्न आला की पाऊस थांबला तरी पाणी का चढतंय? राधानगरीचं धरण, प्रयाग चिखलीला एकत्र येणाऱ्या नद्या, सगळं आलं. त्यांना शिकवायचं होतं ते कालश्रेणीचं प्रकरण. साधन तेच, फुकटचंच, उदाहरण बदललं.

साधन असं विषयाशी जोडणं बाहेरून आलेल्या माणसाला एकट्याने जमत नाही, हे आयआयटी मुंबईच्या लोकांनी फार आधी ओळखलं होतं. डॉ. दीपक फाटक यांच्या पुढाकाराने झालेल्या 'टेन थाउजंड टीचर्स' प्रकल्पात व्याख्यान मुंबईहून थेट यायचं, पण गावोगावच्या महाविद्यालयांत केंद्रं होती आणि तिथला समन्वयक आधीच तयार होऊन आलेला असायचा. अडलं की शेजारी माणूस हजर. कोरोनाकाळात वेबिनारांचा जो पूर आला, त्यात नेमका हा शेजारचा माणूस गायब झाला. पीपीटी पाहिली, प्रश्नमंजूषा सोडवली, ईमेलवर प्रमाणपत्र आलं. त्यातून वर्गात काय उतरलं, हे विचारायला पुन्हा कोणी आलं नाही.

म्हणून आता कार्यशाळेला बसणाऱ्यांना मी आधी विचारतो, उद्या सकाळचा तास कोणता, प्रकरण कोणतं? ज्यांना सांगता येत नाही त्यांनी घड्याळ बघत बसावं, माझी हरकत नाही. बाकीच्यांबरोबर आम्ही तेवढाच तास बांधतो आणि जमलं तर दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या वर्गात मागच्या बाकावर बसतो. केबल बसली नाही, लॉगिन अडलं, तर मी असतो. बहुतेकांना दुसऱ्यांदा माझी गरज लागत नाही.

प्राचार्यांना विनंती एवढीच: पुढच्या एफडीपीचं बजेट करताना तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांचं त्या दिवसाचं मानधन त्यात धरा, आणि उद्घाटनाच्या हारतुऱ्यांचा अर्धा तास कमी करा.